रिबाँडिंगचा टच-अप लांबवायचा, पण केस तुटू द्यायचे नाहीत

रिबाँडिंग म्हणजे रसायनाने केस सरळ करून घेणं. त्याला पाच-सहा महिने झाले की मुळाशी तीन-चार बोटं नवे, आपल्या मूळच्या वळणाचे केस आलेले असतात. वर फुगलेले, खाली सपाट. पावसाळा असेल तर हा फरक आणखी उठून दिसतो. पार्लरमध्ये नुसतं आयब्रो करायला गेलं तरी "टच-अप करून घ्या ना" असं ऐकू येतं, म्हणजे नव्या आलेल्या केसांनाही तेच रसायन. ज्यांना ते इतक्यात करायचं नाही, नऊ महिने किंवा वर्षभर थांबायचं आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

थांबणं शक्य आहे, आणि बहुतेकींच्या केसांसाठी ते चांगलंही आहे. मात्र नुसतं थांबून चालत नाही. या काळात केसावरची एक ठरावीक जागा फार नाजूक होते. नवा केस जिथे संपतो आणि रिबाँडिंग केलेला जुना भाग जिथे सुरू होतो, तो सेंटिमीटरभराचा पट्टा. मी त्याला सांधा म्हणते. त्याच्याकडे दुर्लक्ष झालं तर एकही रसायन न लावता केस ओंजळीने तुटतात. पुढे जे काही सांगितलं आहे ते जवळजवळ सगळं या सांध्यासाठी आहे.

थांबायचं कशासाठी

पैसे वाचतात हे उघड आहे. पण मला महत्त्वाचं वाटतं ते दुसरं कारण. केस महिन्याला साधारण १ ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. तीन-चार महिन्यांत टच-अपला बसलात तर नवा भाग जेमतेम तीन-चार सेंटिमीटरचा असतो. तेवढ्यातच क्रीम बसवणं कठीण जातं, ते खाली जुन्या केसावर उतरतं, आणि आधीच एकदा रसायन सोसलेला केस दुसऱ्यांदा सोसतो. टच-अपनंतर झाडूसारखे तुटणारे केस पाहिलेत ना, त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं. नवा भाग सहा-सात सेंटिमीटरचा झाला की कुशल हाताला सांध्याच्या अलीकडे थांबता येतं.

तिसरं कारण आरोग्याचं. अमेरिकेत ३३ हजारांहून जास्त स्त्रियांची सुमारे ११ वर्षं नोंद ठेवणाऱ्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. केस सरळ करणारी उत्पादनं वर्षभरात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्या स्त्रियांमध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण न वापरणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त आढळलं. सत्तरीपर्यंतचा धोका म्हणून मांडलं तर न वापरणाऱ्यांत १.६४ टक्के आणि वारंवार वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के. कोणत्या उत्पादनातल्या कोणत्या घटकामुळे, हे त्या अभ्यासातून ठरत नाही, आणि आपल्याकडचं वर्षातून एकदाचं रिबाँडिंग म्हणजे तेच असंही नाही. तरी "वारंवार" हा शब्द आपल्या बाबतीत लागू होणार नाही एवढी काळजी आपल्याला नक्की घेता येते.

आधी ओळखा, केसांना काय लावलं होतं

"स्ट्रेटनिंग" या एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी चालतात. आपली कोणती हे माहीत नसेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे होतं.

केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो. त्यातल्या साखळ्या गंधकाच्या बंधांनी एकमेकींना बांधलेल्या असतात, आणि केसाचं वळण टिकवून धरण्यात या बंधांचा मोठा वाटा असतो. रिबाँडिंगच्या पहिल्या क्रीममध्ये बहुधा अमोनियम थायोग्लायकोलेट असतं. ते हे बंध तोडतं. मग स्ट्रेटनर फिरवून केस सरळ करतात आणि दुसरं क्रीम लावतात, त्याला न्यूट्रलायझर म्हणतात. त्यातलं हायड्रोजन पेरॉक्साइड बंध नव्या, सरळ स्थितीत पुन्हा जोडतं. सगळेच बंध जुळत नाहीत, म्हणून रिबाँडिंग कितीही चांगलं झालं तरी केस आधीपेक्षा थोडा दुबळाच राहतो. स्मूदनिंगही बहुतेक ठिकाणी याच जातीचं, थोडं सौम्य काम असतं.

रिलॅक्सर वेगळा. अमेरिकेत आणि आफ्रिकेत घट्ट कुरळ्या केसांच्या कृष्णवर्णीय स्त्रिया तो पिढ्यान्‌पिढ्या वापरत आल्या आहेत. त्यात सोडियम हायड्रॉक्साइड किंवा त्याच्या जवळचं तीव्र अल्क असतं, पीएच १२ च्या वर. तो गंधकाचे बंध कायमचे बदलून टाकतो. रिलॅक्सर लावलेल्या केसावर रिबाँडिंगचं क्रीम किंवा रिबाँडिंगच्या केसावर रिलॅक्सर, हे दोन्ही निषिद्ध. केस हातात तुटून येतो. शिकायला किंवा नोकरीला परदेशी गेलेल्या आपल्या मुलींनी हे खास लक्षात ठेवावं. तिथल्या दुकानात सहज मिळणारा रिलॅक्सरचा डबा म्हणजे आपल्या पार्लरमधलं क्रीम नव्हे. त्या डब्यांवर टच-अपचं अंतर सहा-आठ आठवड्यांचं सुचवलेलं असतं, ते आपल्या केसांना लावू नका. मात्र ते अंतर लांबवण्याचं कसब त्या स्त्रियांमध्ये फार मुरलेलं आहे, आणि पुढे येणारी वेणीची युक्ती त्यांच्याकडे वर्षानुवर्षं चालत आलेली आहे.

तिसरं केराटिन, म्हणजे त्या नावाने केली जाणारी ट्रीटमेंट, केसातलं प्रथिन नव्हे. ही तीन-चार महिन्यांत हळूहळू धुऊन जाते, त्यामुळे तिच्यात असा ठळक सांधा तयार होत नाही. पण तिची वेगळी काळजी आहे. काही केराटिन द्रावणांतून तापवताना फॉर्मल्डिहाइडची वाफ निघते, आणि फॉर्मल्डिहाइडमुळे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं आहे. "फॉर्मल्डिहाइड नाही" म्हणून विकल्या जाणाऱ्या काहींमध्ये ग्लायऑक्सिलिक आम्ल असतं. २०२४ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी एका २६ वर्षांच्या स्त्रीची हकीकत दिली. या आम्लाचं क्रीम वापरून केस सरळ केल्यानंतर तिच्या मूत्रपिंडांना तीनदा इजा झाली होती. तेव्हा रिबाँडिंगच्या दोन टच-अपमधलं अंतर लांबवायचं म्हणून मधल्या काळात "एक केराटिन मारून घ्या" हा सल्ला मी तरी घेणार नाही.

सांधा कुठे आहे ते बोटांनी शोधा

केस धुऊन, काही न लावता वाळू द्या. एक बारीक बट घेऊन मुळापासून टोकाकडे दोन बोटांत सरकवा. वरचा भाग खडबडीत, लाटालाटांचा लागेल, मग एका ठिकाणी एकदम गुळगुळीत. तिथे थांबा. कानामागे, मानेवर, कपाळाशी, टाळूवर असं चार जागी पाहा. मानेवरचा आणि कानामागचा सांधा बहुतेकींचा सगळ्यात कमजोर असतो, कारण तिथे कॉलर, ओढणी, उशी आणि क्लचर सगळंच घासतं.

सांधा का तुटतो? नवा केस वळणदार असल्यामुळे ओढ बसली की तो स्प्रिंगसारखा लांबतो, जुना सरळ भाग लांबत नाही. दोघांच्या ओढीचा ताण नेमका मधे येतो. कंगवाही तिथेच अडतो, कारण सरळ केसातून सुळकन आलेले दात एकदम वळणात शिरतात.

आता हातात आलेले केस नीट बघा. ज्याच्या एका टोकाला बारीक पांढरा ठिपका आहे तो मुळापासून गळलेला. दिवसाला ५० ते १०० असे केस गळणं सामान्य आहे. ठिपका नसलेला, आखूड तुकडा म्हणजे तुटलेला केस. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तुटण्यावर या लेखातले उपाय चालतात. गळण्यावर चालत नाहीत. गळती वाढली असेल तर गेल्या दोन-तीन महिन्यांत ताप, बाळंतपण, एकदम केलेलं डाएट किंवा मोठं आजारपण झालं होतं का ते आठवा, आणि हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड तपासून घ्या.

एक चाचणी आणखी. न्हाताना गळालेला एखादा ओला केस दोन्ही हातांत धरून हलका ताणा. थोडा लांबून परत आला तर ठीक. चिकट रबरासारखा ताणतच गेला आणि तुटला तर आतलं प्रथिन खचलं आहे. अजिबात न ताणता तटकन तुटला तर केस कोरडा आणि ठिसूळ झाला आहे. पहिल्या प्रकारात प्रथिनाचा मास्क हवा, दुसऱ्यात भरपूर कंडिशनर हवं आणि प्रथिन काही काळ बंद.

न्हाण्याचा दिवस

सगळ्यात जास्त केस तुटतात ते बाथरूममध्ये आणि त्यानंतरच्या अर्ध्या तासात. ओला केस कमजोर असतो. म्हणून इथे घाई नको. सकाळी ऑफिस गाठायचं असेल तर त्या दिवशी न्हाऊच नका, आदल्या संध्याकाळी न्हा.

१. न्हाण्याआधी दोन-तीन तास, किंवा आदल्या रात्री, खोबरेल तेल लावा. हे आजीच्या वेळचं म्हणून सांगत नाही. मुंबईत मॅरिकोच्या संशोधन विभागातल्या आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना करून २००३ मध्ये निष्कर्ष मांडले. धुण्यात केसातून निघून जाणारं प्रथिन खोबरेलाने स्पष्टपणे कमी झालं, बाकी दोघांनी नाही. खोबरेलातल्या लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ असल्यामुळे तो केसाच्या आत शिरतो. कंपनी खोबरेल विकणारीच आहे हे खरं, पण रसाळपणे सांगितलेल्या जाहिरातीपेक्षा हे मोजलेलं काम आहे आणि ते नंतर अनेकांनी आधाराला घेतलं आहे. तेल सांध्यापासून टोकापर्यंत लावा, हाताच्या तळव्यांनी दाबत. टाळूला लावायचं तर बोटांच्या टोकांनी हलकं. जोरजोरात चंपी नको, नव्या वळणदार केसांचा तिथे गुंता होतो.

२. तेल लावलेल्या केसांचे चार भाग करून प्रत्येक क्लचरने बांधा. एकेक भाग सोडा आणि गुंता बोटांनीच काढा. टोकाकडून सुरुवात, मग हळूहळू वर. सांध्यापाशी गाठ लागली तर तिच्या वर, मुळाच्या बाजूला, केस मुठीत घट्ट धरा म्हणजे ओढ मुळावर येणार नाही, आणि गाठ बाजूला उकलत न्या, खाली ओढू नका.

३. न्हाताना डोकं खाली घालून सगळे केस पुढे घ्यायची सवय असेल तर या काळापुरती सोडा. ताठ बसून किंवा उभं राहून, मागून तांब्याने पाणी घाला, केस आपल्या पडण्याच्या दिशेनेच राहू द्या. पाणी कोमट. शांपू मगभर पाण्यात मिसळा आणि फक्त टाळूवर बोटांनी फिरवा. खाली उतरणाऱ्या फेसाने लांबी आपोआप धुतली जाते. केस डोक्यावर गोळा करून कपड्यासारखे चोळणं पूर्ण बंद.

४. कंडिशनर मुळांना लावू नये असं सांगतात, ते टाळूच्या त्वचेपुरतं पाळा. टाळूपासून दोन बोटं सोडून, सांध्यावर मात्र भरपूर लावा. पाच मिनिटं थांबा. आता, कंडिशनर असतानाच, मोठ्या दातांचा कंगवा टोकाकडून वर फिरवा. आठवड्यात पूर्ण डोक्यावर कंगवा फिरवायची खरी वेळ हीच. मग धुऊन टाका.

५. टर्किश टॉवेलने पिळायचं नाही आणि केस पुढे घेऊन पंच्याने फटकारायचे तर मुळीच नाहीत. जुना मऊ पंचा किंवा सुती टी-शर्ट घ्या, केस त्यात धरून नुसते दाबा. ओलसर असतानाच सिलिकॉनचं सिरम दोन-तीन थेंब तळव्यावर पसरून सांध्यावर आणि टोकांवर लावा. मग वाऱ्यावर वाळू द्या. कंगवा आता नको.

असं आठवड्यातून दोनदा पुरे. कोकणात किंवा मुंबईत घामाने टाळू चिकट होते, तेव्हा मधे एखादे दिवशी केस वेणीतच ठेवून टाळूवरून साधं पाणी फिरवलं तरी चालतं.

तीन-चार आठवड्यांतून एकदा प्रथिनाचा मास्क लावा. पाकिटावर "हायड्रोलाइज्ड" केराटिन किंवा गव्हाचं प्रथिन असं लिहिलेलं पाहा. याचा अर्थ प्रथिनाचे बारीक तुकडे केलेले असतात, म्हणून ते केसाला धरतं. अंड्यातल्या प्रथिनाचे रेणू फार मोठे, ते वरच राहतात आणि धुऊन जातात. अंडं खाल्लेलं बरं. खात नसाल तर मटकी, चवळी, हरभरा, पनीर, दही रोजच्या जेवणात असू द्या. वाढणारा नवा केस त्यातूनच बनतो.

शिकेकाईबद्दल नेहमी विचारलं जातं. शिकेकाई सौम्य आम्लधर्मी असते, केसाला ते मानवतं. पण घरी दळलेली भुकटी थेट डोक्यावर घासली तर तिचा रवाळपणा रिबाँडिंग केलेल्या केसाचे खवले खरवडतो. रात्री भिजवा, सकाळी उकळा, फडक्यातून दोनदा गाळा आणि ते पाणी वापरा.

बोअरचं पाणी

पुणे, नाशिक, संभाजीनगरच्या नव्या वसाहतींत बोअर आणि टँकरशिवाय भागत नाही. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम केसावर थर धरतं, आणि रसायन लावलेला केस ते जास्त शोषतो. न्हाऊनही केस राठ लागत असतील, शांपूला फेस येत नसेल, बादलीच्या कडेला पांढरा थर दिसत असेल तर सांध्याच्या तुटण्यात पाण्याचा वाटा आहे असं समजा. शेवटचे दोन तांबे पिण्याच्या, आरओच्या पाण्याचे घ्या. महिन्यातून एकदा ईडीटीए (क्षार पकडून काढणारा घटक) असलेला क्लॅरिफाइंग, म्हणजे साचलेला थर धुऊन काढणारा, शांपू वापरा आणि त्या दिवशी कंडिशनर दुप्पट वेळ ठेवा. लिंबाचा रस थेट पिळू नका.

वर फुगलेलं, खाली सपाट: मग दिसायचं कसं

टच-अपला धावत जायचं खरं कारण हेच असतं. बहुतेक जणी मुळांवर रोज स्ट्रेटनर फिरवतात. माझा आग्रह उलटा आहे. मुळं सरळ करू नका, खालच्या सरळ केसाला लाट द्या. मग दोन्ही भाग एकमेकांत मिसळतात आणि सांध्याला ताण पडत नाही.

न्हाल्यावर केस ऐंशी टक्के वाळले की थोडं लीव्ह-इन (न धुता ठेवायचं) क्रीम लावून दोन किंवा चार सैल वेण्या घाला. मुळाशी अगदी सैल, सांध्यापासून खाली जरा घट्ट. रात्रभर ठेवा, सकाळी बोटांना थेंबभर तेल लावून सोडा. कंगवा लावू नका. नव्या भागाच्या लाटा बारीक असतील तर वेण्या जास्त घाला, मोठ्या असतील तर दोनच. एक-दोन न्हाण्यांत आपल्या केसांना किती वेण्या लागतात ते कळतं. पावसाळ्यात तर हाच मार्ग टिकतो. हवेतल्या दमटपणाने केसातले पाण्याने सुटणारे बंध मोकळे होतात, त्यामुळे सकाळी इस्त्री केल्यासारखी सरळ केलेली मुळं दुपारपर्यंत पुन्हा वळतात.

लग्नकार्याला सरळच हवे असतील तर स्ट्रेटनर जरूर वापरा, पण आठवड्यातून एकदाच, पूर्ण वाळलेल्या केसावर, उष्णतेपासून वाचवणारा स्प्रे लावून, १५० ते १६० अंशांवर, एका बटेवरून एकच फेरा. ओलसर केसावर गरम पट्टी ठेवली की आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात पोकळ बुडबुडे धरतात आणि तो तिथेच मोडतो. फेरा मुळापासून सांध्यापर्यंतच. त्याखालचा केस आधीच सरळ आहे, त्याला उष्णता कशाला?

रोजसाठी मानेवरचा सैल अंबाडा, सैल सागरवेणी, किंवा अर्धे केस क्लचरमध्ये. उंच घट्ट पोनी नको. कपाळाकडचे केस ओढले जाऊन तिथले विरळ होतात, आणि तो विरळपणा बराच काळ राहिला तर कायमचा होतो. साधा रबर नको, कापडी स्क्रंची चालेल. गजरा माळायचा तर आकडे अंबाड्यात खोवा, सांध्याच्या जागी नको. पोनी रोज एकाच उंचीवर बांधू नका, बांधणीची जागा आठवडाभर वरखाली करत राहा.

उशी, स्कूटर, लोकल

सुती अभ्रा रात्रभर केस घासतो आणि त्यांच्यातला ओलावा ओढतो. जुन्या रेशमी साडीचा किंवा साटीनचा अभ्रा शिवून घ्या. जर असलेला काठ कापून टाका, तो घासतो. झोपताना एक सैल वेणी.

पुण्यात स्कूटरवर तोंडाला सुती स्कार्फ गुंडाळायची सवय असते. त्याच्या आत डोक्यावर साटीनचा एक तुकडा बांधा आणि मग स्कार्फ, त्यावर हेल्मेट. केस आत वेणीत घालून ठेवा, पाठीवर मोकळे सोडले तर अर्ध्या तासात मानेपाशी जी गाठ बसते ती सोडवताना सांधाच तुटतो. लोकलच्या दाराशी उभं राहणाऱ्यांनाही हेच लागू. पोहायला जात असाल तर टोपी घालण्याआधी केस साध्या पाण्याने भिजवून थोडं कंडिशनर चोपडा. आधीच पाणी प्यालेला केस क्लोरीनचं पाणी कमी शोषतो.

मेंदी आणि रंग

शुद्ध मेंदी केसाच्या प्रथिनाला चिकटून थर धरते. त्या थरामुळे केस राठ होतो आणि पुढच्या टच-अपचं क्रीम एकसारखं बसत नाही, कुठे सरळ, कुठे वाकडं. टच-अपच्या आधी निदान तीन-चार महिने मेंदी थांबवा. पांढरे केस झाकायचे असतील तर ती फक्त मुळांच्या पांढऱ्या भागाला लावा. "काळी मेंदी" म्हणून मिळणाऱ्या भुकट्यांत रासायनिक रंग किंवा धातूंचे क्षार असू शकतात. धातूंच्या क्षारावर न्यूट्रलायझरमधलं पेरॉक्साइड पडलं तर केस तापून जळू शकतो. ब्लीच करून हायलाइट्स या काळात नकोच.

किती महिने

हलके लाटदार केस असतील तर वर्षभर आरामात जातं, अनेकींना पुढच्या टच-अपची गरजच वाटत नाही. चांगले कुरळे असतील तर आठ-नऊ महिने. पहिल्या तीन महिन्यांत फार काही करावं लागत नाही, तेल आणि कंडिशनरची सवय तेवढी लावून घ्या. चौथ्या ते सहाव्या महिन्यात स्ट्रेटनरचा मोह होतो, वेण्या तेव्हाच सुरू करा. सातव्यानंतर गुंता सोडवायला दुप्पट वेळ धरा. दर दोन-अडीच महिन्यांनी टोकं सेंटिमीटरभर कापून घ्या. फाटलेलं टोक वर फाटत जातं आणि ते सांध्यापर्यंत येऊ द्यायचं नाही.

सगळी काळजी घेऊनही न्हाताना दर वेळी ठिपका नसलेले आखूड तुकडे मूठभर येत असतील तर हट्टाने थांबून राहू नका. पण त्यावर उपाय म्हणून लगेच टच-अपही करू नका, तुटणाऱ्या केसावर रसायन म्हणजे आगीत तेल. आधी कापा, चार-सहा आठवडे फक्त कंडिशनर आणि मास्कवर ठेवा, मग ठरवा. टाळूवर पुरळ, खाज, चट्टे असतील तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. दिवस गेले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल तर टच-अप पुढे ढकला.

टच-अपला जाताना

तीन दिवस आधीपासून टाळू खाजवू नका, नखांनी कोंडा काढू नका, कडक कंगवा लावू नका. ओरखड्यात क्रीम गेलं की भाजतं. दोन आठवडे आधी एक प्रथिनाचा मास्क, एक आठवडा आधी भरपूर कंडिशनर.

खुर्चीत बसण्याआधी तीन गोष्टी स्पष्ट बोला. मागच्या वेळी कोणतं क्रीम होतं ते सांगा आणि तेच किंवा त्याच जातीचं आहे ना, पाकीट दाखवा म्हणावं. मानेमागची एक बट घेऊन आधी तिच्यावर करून बघायला सांगा. ती ताणून तुटली तर घरी या, त्यांना कितीही वाईट वाटलं तरी. आणि क्रीम फक्त नव्या भागाला, सांध्याच्या अर्धा सेंटिमीटर अलीकडे थांबवून. खालच्या जुन्या केसावर आधी दाट कंडिशनर चोपडून ठेवायला लावा, म्हणजे धुताना उतरणारं क्रीम त्यात शिरत नाही. "एकसारखं दिसावं म्हणून टोकापर्यंत एकदा फिरवते" याला नाही म्हणा. स्ट्रेटनरही जुन्या भागावर नको.

नंतर तीन दिवस पाणी लावू नका, केस बांधू नका, कानामागे खोचूही नका. आणि घरी आल्याबरोबर वहीत तारीख, क्रीमचं नाव, त्याची तीव्रता आणि ते किती मिनिटं ठेवलं ते लिहून ठेवा. पार्लर बदललं किंवा तिथल्या ताई बदलल्या तरी ती वही घेऊन जाता येते.